टाच टेकत नाही, एवढंच दिसत होतं

माझी आई दिवसातून पन्नासदा म्हणायची, "टाच टेक गं बाय, टाच टेक." लेक तेवढ्यापुरती थांबायची, खाली बघायची, दोन पावलं जपून टाकायची आणि तिसऱ्या पावलाला पुन्हा चवड्यावर. घरातले सगळे तिच्या टाचांकडे बघत होते. अडीच-तीन वर्षं बघत होते. गुडघ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, माझंही नाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षवाले. लेक तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन साडेबाराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत सदतीस दिवस काढले. बसायला दीड वर्ष लागलं, धरून उभं राहायला अडीच, आणि सुटी चालायला लागली ती साडेतीन वर्षांची झाल्यावर. एमआरआयच्या कागदावर पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया असं लिहिलेलं होतं. ते नीट म्हणता यायलाच मला महिना लागला. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेच्या पांढऱ्या भागाला इजा झाली होती. पायांना हुकूम नेणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात, हातांचे जरा लांबून. म्हणून कमी दिवसांच्या पोरांत हात बरे आणि पाय ताठर, असं पुष्कळदा होतं. सेरेब्रल पाल्सीच्या या प्रकाराला डायप्लेजिया म्हणतात. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण पोर वाढतं तसे स्नायू आणि हाडं बदलत जातात. हे मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. कळलं मात्र सहा वर्षांनी.

ती सहा वर्षांची असताना एका ठिकाणी दाखवलं. डॉक्टरांनी तिला चार पावलं चालायला लावलं, टेबलामागूनच बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही टाचांच्या शिरा आखडल्यात. लांब करून टाकू. दिवाळीनंतर या." सगळं मिळून पाच मिनिटं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. दुखणं एका जागी सापडलं, तिथं कापायचं, संपलं. ऑक्टोबर छाटणी उरकली की मीही जरा मोकळा असतो. तारीख घेऊन आलो.

नाट लावला तो बायकोनं. तिच्या मावसबहिणीचा मुलगा जतकडे असतो. त्याच्या दोन्ही टाचांचं ऑपरेशन लहानपणीच झालेलं. आता तो चौदा वर्षांचा आहे, टाचा पूर्ण टेकतात, पण खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखा चालतो. गुडघे कायम वाकलेले, दुखतात, शाळेला गाडीवरून सोडावं लागतं. "त्याच्याबी टाचाच लांब केल्या हुत्या," ती म्हणाली. मी म्हटलं, प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणालो खरं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून मिरजेला गेलो. आमच्याकडं तशी रीतच आहे, काहीही झालं की मिरज. वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून अर्धा कर्नाटक आणि सगळा सांगली जिल्हा मिरजेच्या वाटेला लागलेला आहे. कुणीतरी लहान मुलांच्या फिजिओथेरपीच्या एका मॅडमचं नाव सुचवलं होतं. तासगाव ते सांगली एसटी, पुढं सिटी बस. लेक माझ्या मांडीवर, तिचे बूट पिशवीत. त्या बुटांची पुढची टोकं झिजून गेली होती आणि टाचा दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या.

मॅडमनी पहिल्यांदा बूटच हातात घेतले. उजवा, डावा, पुन्हा उजवा. "डावा जास्त झिजलाय," म्हणाल्या. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ऑपरेशनच्या तारखेचं सांगितल्यावर त्या डॉक्टरांविषयी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दादा, चवड्यावर चालणं हे एक लक्षण झालं. ती चवड्यावर का चालते, ते अजून कुणी बघितलेलं नाही. व्हिडिओ काढून आणा." आणि व्हिडिओ कसा काढायचा ते कागदावर लिहून दिलं. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

हाफपँट, अनवाणी, केस वर बांधलेले. जमीन सपाट, निदान पंचवीस-तीस फूट सरळ जागा. मोबाईल तिच्या गुडघ्याच्या उंचीला, हलता कामा नये, आणि चालण्याच्या वाटेला बरोबर काटकोनात. डावीकडून, उजवीकडून, समोरून, पाठीमागून. प्रत्येक बाजूनं तीन-चार फेऱ्या. स्लो मोशन असेल तर तेही. आणि खाली अधोरेखित करून: 'नीट चाल' असं म्हणायचं नाही.

घरात तेवढी सरळ जागा कुठली. पण सप्टेंबर होता, बेदाण्याचं शेड रिकामं. रॅकच्या दोन रांगांमध्ये कोबा घातलेली चाळीस फुटांची बोळ आहे, वर पत्रा, बाजूला हिरवी जाळी, उजेड बरा. क्रेटवर क्रेट ठेवून मोबाईल बसवला. मग बायकोला सुचलं ते मला आजही भारी वाटतं. मॅडम म्हणाल्या होत्या की सांधे नेमके दिसले पाहिजेत. ही आत गेली आणि लाल टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. एक टिकली कमरेच्या बाजूच्या हाडावर, एक गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, एक घोट्यावर, एक करंगळीच्या बुडाशी. दोन्ही पायांना मिळून आठ. लेकीनं नववी स्वतःच्या कपाळाला लावून घेतली.

पहिले तीन व्हिडिओ वाया गेले. पहिल्यात कुत्रं मध्ये आलं. दुसऱ्यात लेक मोबाईलकडे बघत हसत चालली. तिसरा चांगला चालला होता, पण जाळीबाहेरून आईचा आवाज आला, "टाच टेक गं!" आणि पोरीनं लगेच चाल बदलली. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं, पाचव्या पावलाला खांदे वर जातात, गुडघे ताठ होतात, चाल लाकडी होते. आईला चहा ठेवायला पाठवलं. पुढच्या फेऱ्या नीट आल्या. संध्याकाळी दमल्यावर परत एकदा काढला. तोच मॅडमना सगळ्यात उपयोगी पडला, कारण दमलेलं पोर नाटक करत नाही.

मिरजेला त्यांनी व्हिडिओ लॅपटॉपवर टाकला, एक पाय जमिनीवर टेकलेला आहे आणि दुसरा त्याच्या शेजारून पुढे जातोय अशा क्षणी थांबवला, आणि टिकलीपासून टिकलीपर्यंत रेघा ओढल्या. कंबर ते गुडघा, गुडघा ते घोटा, घोटा ते करंगळी. माझी पोरगी एकदम तीन काड्यांची झाली.

"उजव्या पायाचा घोटा बघा. नडगी आणि पाऊल यांच्यात किती कोन आहे?"

बघितलं. काटकोन. अगदी गवंड्याच्या गुण्यासारखा.

"मग टाच वर का आहे?"

मला उत्तर येईना. मॅडमनी टेबलावरची काटकोनी पट्टी उभी केली, आडवी बाजू म्हणजे पाऊल, उभी बाजू म्हणजे नडगी. मग उभी बाजू जराशी पुढं झुकवली. मागचा कोपरा टेबलावरून उचलला गेला, पट्टी टोकावर उभी राहिली. कोन होता तोच. गुडघा वाकलेला, म्हणून नडगी पुढे झुकलेली, म्हणून टाच वर. घोट्यात काही दोष नव्हताच. हे मी घरी येऊन खऱ्या गुण्यावर आईला करून दाखवलं, शेजाऱ्याला दाखवलं, बागेत आलेल्या औषधवाल्यालाही दाखवलं. एवढी साधी गोष्ट तीन वर्षं डोळ्यासमोर होती.

याला अपॅरंट इक्विनस म्हणतात. इक्विनस हा शब्द लॅटिनमधल्या घोड्यावरून आलाय, घोडा खुरांच्या टोकांवर चालतो म्हणून. अपॅरंट म्हणजे दिसतो तसा, पण नव्हे. मेलबर्नच्या जिल रॉडा आणि केर ग्रॅहॅम यांनी डायप्लेजियाच्या चालीचे बाजूने बघून गट पाडले, त्यात हा तिसरा. पहिल्या गटात खरा इक्विनस: घोटा खरंच खाली ताणलेला आणि गुडघा सरळ, कधी मागेसुद्धा जाणारा. लहान पोरं नुकती चालायला लागतात तेव्हा हा जास्त दिसतो. दुसऱ्याला जंप गेट म्हणतात, गेट म्हणजे चाल: घोटा खाली ताणलेला आणि शिवाय गुडघा-कंबर वाकलेली, उडी मारायच्या बेतात असल्यासारखं. तिसरा आमचा. चौथा क्राउच: घोटा उलट वरच्या बाजूला जास्त मुडपलेला, टाच टेकलेली, गुडघे आणि कंबर वाकलेली. जतच्या पोराची चाल माझ्या डोळ्यासमोर आली. मी बायकोकडे बघितलं, ती माझ्याकडे. दोघंही काही बोललो नाही.

पोर वाढतं, वजन वाढतं, तसा पुष्कळ मुलांचा प्रवास पहिल्या गटाकडून चौथ्याकडे होतो. चौथ्या वर्षी बघितलेली चाल आठव्या वर्षी तीच असेल असं नाही. एका वेळच्या तपासणीवर जन्माचा निकाल लावायचा नसतो, हे मॅडमनी दोनदा सांगितलं.

व्हिडिओ झाला की टेबल. हे मला जास्त पटलं, कारण इथं डोळ्यांवर विसंबायचं नव्हतं, कोनमापक होता. लेकीला उताणं झोपवून कंबर आणि गुडघा काटकोनात धरला, मग गुडघा हळूहळू सरळ करत गेल्या, अडेल तिथं थांबल्या. पूर्ण सरळ व्हायला उजवीकडं साठ अंश कमी पडले, डावीकडं पन्नास. मांडीमागचे स्नायू आखूड. मग एक मांडी पोटाशी धरून दुसरी टेबलावर टेकते का ते बघितलं, दोन्हीकडं पंधरा अंश वर राहिली, म्हणजे जांघेतले स्नायूही ओढ धरून होते. पालथं झोपवून मांड्यांचं हाड आत किती वळलंय ते बघितलं. तिच्या पावलांची टोकं आत वळतात, त्याचं कारण तिथं निघालं, पावलात नव्हे.

आणि मग घोटा, दोनदा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस, तो गुडघ्याच्याही वरून सुरू होतो. खालचा सोलियस, तो गुडघ्याच्या खालूनच. दोघं मिळून टाचेच्या शिरेत उतरतात. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो, खालचा नाही. म्हणून दोन्ही आकडे घ्यायचे असतात. उजवं पाऊल गुडघा सरळ असतानाही काटकोनाच्या पाच अंश पुढे येत होतं, वाकवल्यावर पंधरा. कुठे आखडलीय शीर? डाव्याचं निराळं निघालं. गुडघा सरळ असताना काटकोनाला पाच अंश कमी, वाकवल्यावर मात्र दहा अंश पुढे. म्हणजे डावीकडं पोटरी आखूड होती, पण फक्त वरचा स्नायू.

मग परत व्हिडिओ, या वेळी डावा पाय. टिकल्यांच्या रेघा सांगत होत्या की घोटा दहा-बारा अंश खाली ताणलेला, पाऊल पडताना गुडघा वाकलेला आणि नंतर बराचसा सरळ होणारा. जंप गेट. मॅडमनी शेजारच्या खोलीतून त्यांच्या सहकाऱ्यांना बोलावलं, काही न सांगता व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, डावा खरा इक्विनस. दोघांत माझ्यासमोर दहा मिनिटं वाद झाला. मला आधी भीती वाटली, यांचंच जर ठरत नाही तर आमचं काय. पण दुसऱ्या फेरीचा व्हिडिओ लावला, तिसऱ्या फेरीचा लावला, आणि गुडघ्याचा कोन मोजल्यावर ते सर म्हणाले, "बरोबर, जंपच आहे. मी एकच पाऊल बघितलं." चार-चार फेऱ्या कशासाठी हव्या होत्या, ते तेव्हा कळलं.

उजवा एका गटात, डावा दुसऱ्या. रॉडा-ग्रॅहॅमनी यासाठीही खण ठेवलाय, पाचवा, असमान पायांचा. लेकीच्या फाईलवर शेवटी ते आलं. एकाच अंगाला दोष असलेल्या मुलांसाठी निराळी यादी आहे, विंटर्स, गेज आणि हिक्स यांची, १९८७ सालची, चार प्रकारांची. ती आम्हाला लागू नव्हती, पण त्या दिवशी बाहेर बसलेल्या कवठे महांकाळच्या एका बाईंच्या मुलाला होती, आणि आम्ही दोघांनी आपापले कागद एकमेकांना दाखवले.

एक गोंधळ माझा बरेच दिवस होता. जीएमएफसीएस नावाची आणखी एक वर्गवारी आहे, १९९७ पासूनची, पाच पातळ्यांची. त्यात लेक दुसऱ्या पातळीवर आहे: सुटी चालते, पण जिन्याला कठडा लागतो, खडबडीत वाटेला हात लागतो. मला वाटायचं पातळी दोन म्हणजे गट दोन. तसं नाही. पातळी सांगते पोर रोजच्या जगण्यात काय करू शकतं, गट सांगतो ते कसं चालतं. एकाच पातळीवरची दोन पोरं अगदी वेगवेगळी चालतात. दिव्यांग प्रमाणपत्रावर तर तिसरंच, टक्के. एसटीच्या सवलतीला ते टक्के लागतात, डॉक्टरला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आता कापण्याचं. उजव्या पायाची टाचेची शीर लांब केली असती तर काय झालं असतं, हे मी स्पष्टच विचारलं. मॅडम म्हणाल्या, सोलियस पाऊल टेकलेलं असताना नडगीला मागून धरून ठेवतो, पुढं पडू देत नाही. हे मला लगेच समजलं. द्राक्षाच्या मांडवाच्या कडेच्या खांबाला मागून तारेचा ताण दिलेला असतो. तो सैल केला की खांब झुकतो आणि त्याच्यामागे अख्खी ओळ. आमच्या लेकीचा उजवा ताण मुळात बरोबर होता, तो सैल करायची तारीख मी स्वतः घेऊन आलो होतो. मी ती तारीख फोन करून रद्द केली. कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढं मॅडमनीच एका बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, व्हिडिओ आणि कोनांचा तक्ता घेऊन. त्यांनी खुब्याचा एक्स-रे काढून घेतला. या मुलांत मांडीचं हाड खोबणीतून हळूहळू सरकतं, आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. तीस टक्क्यांच्या वर त्या हाडाचा गोळा बाहेर असला की लक्ष ठेवावं लागतं. आमचा दोन्हीकडं त्याच्या आत आहे. दर वर्षी काढायचाय. ते म्हणाले, ऑपरेशन कधीतरी लागेलही, पण मग मांडीमागचे स्नायू, जांघ, हाडाचं वळण, जे जे करायचं ते एकाच वेळी, आणि त्याआधी मुंबईला गेट लॅबमध्ये चाल मोजून. पूर्वी एका वर्षी टाच, दुसऱ्या वर्षी गुडघा, तिसऱ्या वर्षी कंबर असं चालायचं, पोराचा प्रत्येक वाढदिवस प्लास्टरमध्ये. त्याला बर्थडे सिंड्रोम म्हणतात म्हणे. गेट लॅबमध्ये टिकल्यांच्या जागी चकाकणारे छोटे गोळे लावतात आणि चहूबाजूंनी कॅमेरे असतात. बायकोनं हे ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू पेटंट तिचंच होतं.

सध्या डाव्या पोटरीत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन झालंय, फक्त वरच्या स्नायूत. त्यानंतर दोन आठवडे प्लास्टर, मग स्प्लिंट, म्हणजे पायाला धरून ठेवणारा साचा. इंजेक्शनचा जोर तीन-चार महिनेच राहतो, तेवढ्यात ताणून घ्यायचं आणि ताकद वाढवायची. उजव्या पायाला नडगीला पुढून टेकण देणारा स्प्लिंट आहे, जमिनीचा जोर वापरून गुडघा मागे ढकलणारा. दोन पायांना दोन तऱ्हेचे स्प्लिंट, त्यामुळे दोन वेगळ्या मापांचे बूट. दुकानदार एक जोड फोडून देत नाही, म्हणून दोन जोड घ्यावे लागतात. उरलेला एक डावा आणि एक उजवा कपाटात पडून आहे. पहिल्या स्प्लिंटनं घोट्यावर फोड आला होता, आठवडाभर काहीच घालता आलं नाही. रात्री गुडघे सरळ ठेवायचे गेटर बांधतो, ते ती दोन वाजता काढून फेकते. सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय असं कुणी समजू नये.

नोव्हेंबरअखेर दुसरा व्हिडिओ काढला. डावा घोटा काटकोनाला आला होता. उजवा गुडघा तीस अंशांवरून पंचवीसवर. पाच अंश म्हणजे मोजणाऱ्याच्या हातची चूकही असू शकते, असं मॅडम स्वतःच म्हणाल्या. मी तरी तो आकडा बायकोला फोनवर सांगितला. आईचं "टाच टेक" अजून बंद नाही, कमी झालंय.

पुढचा व्हिडिओ फेब्रुवारीत हवा आणि तेव्हा शेड बेदाण्यानं भरलेलं असणार. शाळेचा व्हरांडा बघून आलो, लांबीला चांगला आहे, पण पाणी जावं म्हणून अंगणाकडं उतार दिलाय. मॅडम म्हणाल्या, उतार चालणार नाही, एक पाय खाली पडतो. मारुतीच्या देवळाचा सभामंडप सपाट आहे, मी पट्टी लावून बघितली. पण पोरीनं हाफपँटीवर देवळात फेऱ्या मारायला आईची हरकत आहे, आणि लेकीचं म्हणणं, या वेळी टिकल्या हिरव्या पाहिजेत. अजून ठरलेलं नाही.